चार मात्रांची मोकळीक: ऑफिसात उपज रुजवायची कशी

ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या एका घाऊक औषधांच्या ऑफिसात मी चौदा वर्षं काम केलं. तिथला एक सोमवार अजून डोक्यातून जात नाही. सकाळी अकराच्या सुमाराला बिलिंगचं सॉफ्टवेअर बंद पडलं. काउंटरसमोर भिंड, डबरा, मुरैन्याहून आलेले वीसेक दुकानदार उभे, आणि प्रत्येकाला दुपारची बस गाठायची घाई. काउंटरवरच्या मुलीला नोकरीला लागून जेमतेम पाच महिने झाले होते. तिनं ड्रॉवरमधून जुनं चलानबुक काढलं, कार्बन घातला, आणि औषधाचं नाव, बॅच नंबर, मुदत, नग असं हातानं लिहून, प्रत्येकाची सही घेऊन माल सोडायला सुरुवात केली. तासाभरात गर्दी ओसरली. संध्याकाळी सिस्टीम सुरू झाल्यावर तिनं सगळी चलानं बसून चढवली. एकही नग इकडचा तिकडे नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिला केबिनमध्ये बोलावून विचारलं गेलं, "आपसे किसने कहा था?"

पुढच्या महिन्यात सॉफ्टवेअर पुन्हा बंद पडलं, तेव्हा ती हाताची घडी घालून बसून राहिली. मी शेजारच्याच टेबलावर होते. मी हळूच म्हटलं, "अगं, ते चलानबुक आहे ना?" ती म्हणाली, "वरून सांगू देत ताई, मग काढते."

त्या नोकरीनंतर गेली सहा वर्षं मी छोट्या ऑफिसांत आणि दुकानांत लोकांबरोबर याच गोष्टीवर काम करते आहे: ऐनवेळी सुचलेलं करून बघण्याची मोकळीक माणसांना कशी द्यायची, आणि "हमारे यहाँ ऐसा नहीं होता" म्हणणाऱ्यांना बरोबर कसं घ्यायचं. तुम्ही नुकतेच टीमचे प्रमुख झाला असाल, कार्मिक विभागात लागला असाल किंवा वडिलांच्या पेढीवर बसायला सुरुवात केली असेल, तर हे तुमच्यासाठी. दहा ते चाळीस माणसांचं ऑफिस डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. पायऱ्या याच क्रमानं चढा. मी एकदा मधूनच चढायला गेले होते, त्याचं काय झालं तेही पुढे सांगते.

पहिली पायरी: शब्द सांभाळून निवडा

'इम्प्रोव्हायझेशन' हा शब्द पहिल्या दिवशी काढूच नका. ऐकणाऱ्याच्या मनात दोनच चित्रं येतात, एक तर आता आपल्याला नाटक करायला लावणार, नाही तर नियम धाब्यावर बसवायला सांगणार. दोन्ही ऐकून माणूस आक्रसतो.

आपल्या गावात याला घरचा शब्द आहे, उपज. ख्याल ग्वाल्हेरच्या अंगानं गायचा तर आधी बंदिश येते, स्थायी आणि अंतरा दोन्ही पूर्ण, शब्द स्वच्छ. मग बोलआलाप, बहलावा, ताना, लयकारी. कुठेही जा, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, परत या. हद्दू खाँ, हस्सू खाँ, पुढे शंकरराव पंडित आणि कृष्णराव पंडित अशी ही गायकी इथे वाढली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती महाराष्ट्रात नेली. भातखंड्यांनी १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय याच शहरात उभं केलं. तेव्हा ग्वाल्हेरच्या माणसाला 'शिस्तीत राहून ऐनवेळी सुचलेलं' ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. ऑफिसात तिला कोणी त्या नावानं हाक मारलेली नसते, एवढंच.

माझे वडील घरी मुलांना गाणं शिकवायचे. कितीतरी महिने तीच बंदिश. मग एक दिवस म्हणायचे, "आता या चार मात्रांत तुझं काहीतरी म्हण. पाचव्या मात्रेला मुखडा धर." चारच मात्रा. मूल घाबरायचं, काहीतरी गुणगुणायचं, कधी बेसूर व्हायचं, आणि मुखड्यावर परत यायचं. ठेका वडील स्वतः हातानं धरून असायचे. दोन-तीन आठवड्यांनी चाराच्या आठ मात्रा व्हायच्या. ऑफिसात करायचं ते एवढंच आहे. छोटी, मोजलेली मोकळीक द्यायची, आणि ती घेताना दुसऱ्या कुणीतरी ठेका धरून बसायचं.

आणखी एक शब्द वेळीच बाजूला ठेवा, जुगाड. जुगाडाचं आपल्याकडे फार कौतुक होतं, मला ते पटत नाही. जुगाड बिघाड झाकतो. तार पिळून मशीन चालू केलं, वर चिकटपट्टी लावली, कोणाला सांगितलं नाही, म्हणजे पुढच्याला त्या तारेचा झटका बसणार. उपज मागे खूण ठेवते. त्या मुलीनं कार्बन घातला होता, सह्या घेतल्या होत्या, संध्याकाळी सगळं चढवलं होतं. ती समेवर आली होती. हा फरक लोकांना अगदी सुरुवातीला सांगा, कारण जुन्या हिशेबनिसांची भीती जुगाडाची असते आणि ती रास्त असते.

दुसरी पायरी: दोन आठवडे नुसतं बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. नवीन माणूस येतो आणि पहिल्याच आठवड्यात खेळ घ्यायला लागतो, तिथेच घोळ होतो. प्रत्येक ऑफिसात उपज आधीपासून चालू असते, फक्त लपून. ती शोधणं हे तुमचं पहिलं काम.

एक साधी शंभरपानी वही घ्या. तीन रकाने पाडा: काय अडलं, कोणी काय केलं, वर कळलं का. रोज दोन-तीन नोंदी पुरेत. तिसऱ्या रकान्यात 'नाही' किती वेळा येतं ते बघत जा, त्या ऑफिसात माणसं किती घाबरून काम करतात ते त्यावरून कळतं.

एका गोदामात मला भिंतीकडच्या काही खोक्यांना लाल सुतळी बांधलेली दिसली. काही खोक्यांना एक गाठ, काहींना दोन. गोदामावरच्या काकांना विचारलं, तर म्हणाले, "कुछ नहीं मैडम, ऐसे ही." तिसऱ्या दिवशी, चहा पिता पिता, त्यांनी सांगितलं. मुदत सहा महिन्यांच्या आत आली की एक गाठ, तीन महिन्यांच्या आत आली की दोन. कॉम्प्युटर बॅचनुसार यादी देतो खरा, पण खोक्यांची छापील बाजू भिंतीकडे असते आणि माल काढणारा पोरगा घाईत हाताला येईल ते उचलतो. सुतळी अंधारातही हाताला लागते. ही पद्धत अकरा वर्षं चालू होती आणि वर कोणाला ठाऊक नव्हती. "सांगितलं का नाही?" म्हटलं, तर म्हणाले, "सांगितलं की कोणीतरी बंद करतं."

हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. बदलाला विरोध करणारे म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं, त्यांतल्या कितीतरी जणांनी स्वतः बदल केलेले असतात. त्यांचा विरोध असतो तो त्यांना न विचारता वरून येणाऱ्या बदलाला.

वहीतली कोणतीही नोंद मालकाला दाखवण्याआधी त्या माणसाची परवानगी घ्या. नाव नको म्हणाला तर नाव लिहू नका. हा विश्वास एकदा तुटला की पुढच्या सगळ्या पायऱ्या फुकट.

तिसरी पायरी: कुठे उपज चालणार नाही ते आधी लिहा

मोकळीक मागायला जाण्याआधी मनाई लिहून न्या. मालकाचा आणि हिशेबनिसाचा निम्मा विरोध तिथेच विरतो. कामाचे तीन ढीग करा: कधीच नाही, विचारून, आणि बेलाशक.

औषधांच्या धंद्यात 'कधीच नाही'मध्ये काय येतं ते सांगते. इन्सुलिन आणि लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहणार, फ्रिज बिघडला तर 'आजच्या दिवस चालेल' हा विचारसुद्धा नाही. मुदत संपलेला माल बाहेर जाणार नाही. बॅच नंबर लिहिल्याशिवाय काही सुटणार नाही. रोकड मोजताना दोन माणसं. वीजजोडणीला हात फक्त वायरमनचा. 'विचारून'मध्ये उधारी, सूट, परतीचा माल. 'बेलाशक'मध्ये गिऱ्हाईकाशी बोलायची पद्धत, रांग लावायची रीत, गोदामाची मांडणी, कोणाचं काम आधी उरकायचं, सिस्टीम बंद असताना नोंद कशी ठेवायची.

ही यादी एकट्यानं करू नका. काउंटर, गोदाम आणि हिशेब, तिन्हीकडचा एकेक माणूस घेऊन तासभर बसा. 'कधीच नाही'चा ढीग आधी फुगतो, सगळंच त्यात पडतं. मग प्रत्येक ओळीपुढे विचारा, "इथे चुकलं तर नुकसान कोणाचं, आणि ते भरून निघतं का?" भरून न निघणारं तेवढंच त्या ढिगात ठेवा. बाकीचं आपोआप खाली सरकतं.

चौथी पायरी: विरोध करणाऱ्याला एकट्याला भेटा

आता माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी एका ऑफिसात मी ओळखदेख नसताना थेट दोन तासांचं सत्र घेतलं. सगळ्यांना उभं करून म्हटलं, एकेकानं पुढे यायचं आणि चिडलेल्या गिऱ्हाईकाची नक्कल करायची. बडे बाबू तिथले सर्वांत जुने, एकतीस वर्षं एका खुर्चीवर. त्यांची पाळी आली. ते उठले, माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "बेटा, आजपर्यंत या लोकांसमोर मी कधी हसं करून घेतलं नाही," आणि बाहेर निघून गेले. सत्र तिथेच संपलं. त्यांचं बरोबर होतं. एकतीस वर्षांत मिळवलेला मान मी दोन मिनिटांच्या खेळावर लावला होता, आणि तोही त्यांना न विचारता.

तेव्हापासून मी सत्राआधी प्रत्येक ज्येष्ठ माणसाला वेगळं भेटते. केबिनमध्ये नाही, त्यांच्या टेबलाशी किंवा चहाच्या टपरीवर. पहिला प्रश्न असा विचारते: "तुमच्या इतक्या वर्षांत सगळं ठप्प झालं आणि तुम्हीच सांभाळलंत, असा एखादा दिवस आठवतो?" असा दिवस नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही. पूर आला होता, संप होता, खातेवही भिजली होती, कर्फ्यू होता. ते सांगत असताना मध्ये बोलू नका. पुढे सत्रात हीच गोष्ट त्यांनी सगळ्यांना सांगावी अशी विनंती करा. ज्या माणसाला तुम्ही उपज शिकवायला निघाला होतात, तो तिथे ती शिकवायला उभा राहतो.

विरोधाच्या तीन तऱ्हा मला भेटल्या आहेत. पहिली हसं होण्याच्या भीतीची. ती बोलून दाखवली जात नाही, "कामाच्या वेळेत खेळ कसले?" अशा शब्दांत बाहेर येते. अशा माणसाला पहिल्या सत्रात घड्याळ धरायला द्या. दुसरी तऱ्हा, "मागच्या वेळीही असंच काहीतरी आलं होतं." यांनी तीन मॅनेजर आणि पाच योजना येता-जाता पाहिलेल्या असतात. त्यांना भाषण देऊ नका, एक छोटं वचन द्या आणि आठवड्याच्या आत पाळा. तिसरी तऱ्हा सगळ्यात मोलाची. ती माणसं नेमका धोका दाखवतात: "पोरगं उधारीवर माल सोडेल, वसूल कोण करणार?" यांना लगेच तिसऱ्या पायरीच्या यादीवर बसवा.

न विचारता केलेल्या बदलाची किंमत किती, याचा एक जुना प्रयोग आहे. अमेरिकेत व्हर्जिनियात पायजमे शिवायचा एक कारखाना होता. तिथे लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी कामाची पद्धत बदलताना कामगारांचे वेगवेगळे गट केले. एका गटाला नवी पद्धत फक्त सांगितली. दुसऱ्या गटांना ती ठरवण्यात सामील करून घेतलं, कुठे प्रतिनिधींमार्फत, कुठे सगळ्यांनाच. नुसतं सांगितलेल्या गटाचं काम घसरलं ते वर आलंच नाही, आणि पहिल्या ४० दिवसांतच त्यांतले काही जण नोकरी सोडून गेले. सगळ्यांना सामील केलेले गट थोड्याच दिवसांत सावरले आणि पूर्वीपेक्षाही जास्त काम करायला लागले. हा अभ्यास १९४८ साली छापून आला. मालक "आधी करू, मग सांगू" म्हणाले की मी त्यांना हा प्रयोग सांगते. शिवणाच्या मशीनवरच्या बाईची गोष्ट काउंटरवरच्या मुलीलाही लागू पडते, हे त्यांना चटकन कळतं.

पाचवी पायरी: मुहूर्त बघा

मार्चअखेर नको, दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस नकोत, स्टॉक मोजणीचा आठवडा नको. आणि मोठं संकट आलं आहे, आता सगळ्यांनी नवं काहीतरी सुचवा, असंही नको.

५ ऑगस्ट १९४९ला अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात, मान गल्च नावाच्या दरीत, वणवा विझवायला गेलेल्यांवर आग उलटली. त्यांचा प्रमुख वॅगनर डॉज. पळून सुटका नाही हे कळल्यावर त्यानं पुढचं गवत स्वतःच काडी लावून पेटवलं, आणि जळून गेलेल्या त्या काळ्या पट्ट्यात झोपून इतरांना आत यायला हाका मारल्या. कोणीच आलं नाही. असं कोणी कधी करताना त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि त्या तुकडीनं डॉजबरोबर फारसं कामही केलेलं नव्हतं. तेरा जण गेले. डॉज वाचला, आणखी दोघे धावत वर पोहोचले म्हणून वाचले.

आपल्या ऑफिसात जिवावर बेतणारं काही नसतं. पण अडचण तीच आहे. एकाला सुचलेलं दुसऱ्यानं उचलायचं तर आधी, शांत दिवसांत, एकमेकांचं सुचणं पाहिलेलं हवं. श्रावण-भाद्रपदातले किंवा जानेवारीतले मोकळे आठवडे त्यासाठी चांगले.

सहावी पायरी: पहिलं सत्र, पंचवीस मिनिटांचं

पंचवीसच्या वर एक मिनिट नको. दहा-बारा माणसं, खुर्च्या बाजूला, गोलात उभं राहायचं. मालक पहिल्या दोन सत्रांना नसलेले बरे. आलेच तर खेळायचं, कडेला खुर्ची टाकून बघायचं नाही. सुरुवातीला नियम सांगा: कोणी मोबाइलवर चित्रण करणार नाही, 'पास' म्हटलं तर कारण विचारायचं नाही, मराठी, हिंदी, बुंदेली, ज्याला जी जमते ती बोलायची, आणि कोणाच्या बोलण्याच्या ढंगावर हसायचं नाही. आमच्याकडे हा शेवटचा नियम फार लागतो.

पहिली पाच मिनिटं: वीसपर्यंत मोजा. कोणीही 'एक' म्हणायचं, दुसऱ्या कोणीही 'दोन'. क्रम ठरवायचा नाही, खुणा करायच्या नाहीत. दोघे एकदम बोलले की पुन्हा एकपासून. पहिल्यांदा सहा-सातवर अडकतं. मग हळूहळू खोली शांत होते, माणसं एकमेकांचा श्वास ऐकायला लागतात. इथे कोणी एकटा उघडा पडत नाही, म्हणून हा खेळ पहिला.

पुढची आठ मिनिटं: 'हो, पण' आणि 'हो, आणि'. दोघादोघांच्या जोड्या करा. विषय द्या, ऑफिसची सहल ओरछ्याला न्यायची आहे. दोन मिनिटं प्रत्येक वाक्य 'हो, पण'नं सुरू करायचं. मग दोन मिनिटं 'हो, आणि'नं. नंतर एवढंच विचारा, "दोन्ही वेळा सहल कुठवर पोहोचली?" एका सत्रात 'हो, पण'वाली सहल मोतीझीलच्या पुढे सरकली नाही, आणि 'हो, आणि'वाल्या सहलीत बेतवाकाठी बेडई तळून झाली होती. हसू येतं तेव्हाच एक गोष्ट स्पष्ट करा: 'हो' म्हणजे सगळ्याला होकार नाही. 'हो' म्हणजे समोर घडलेलं मान्य करणं. गाडी उशिरा आली, हो. सिस्टीम बंद आहे, हो. तबलजीनं लय धरली आहे, आता तिच्याशी भांडत बसून गाणं होणार नाही. 'आणि'मध्ये आपली उपज.

पुढची आठ मिनिटं: उद्याचं गिऱ्हाईक. कालपरवा खरोखर घडलेला प्रसंग घ्या. रोज काउंटरवर बसणारा इथे गिऱ्हाईक होणार, आणि हिशेबात किंवा गोदामात असणारा काउंटरवर. अडलं की गोलातला कोणीही टाळी वाजवून काउंटरवाल्याची जागा घेऊ शकतो आणि आपली रीत करून बघतो. एका प्रसंगाला तीन-चार रीती येतात. शेवटी "कोण चांगलं?" हा प्रश्न नको. "यातलं उद्या काय चालेल?" हा हवा. उत्तर वहीत लिहा.

उरलेली चार मिनिटं प्रत्येकाचं एक वाक्य, नाही तर 'पास'.

लाजरी माणसं खेळात मोकळी होतात यामागे कारण आहे. व्हायोला स्पोलिन नावाच्या बाईंनी १९३०च्या दशकात शिकागोत स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांबरोबर काम करताना असे खेळ घडवले. पुढे त्यांचा मुलगा पॉल सिल्स आणि त्याच्या साथीदारांनी १९५९ साली तिथेच 'सेकंड सिटी' ही उत्स्फूर्त नाटकांची संस्था सुरू केली. स्पोलिनबाईंचं म्हणणं सरळ होतं: खेळणाऱ्याला सोडवायला एक नेमका प्रश्न द्या, म्हणजे त्याचं लक्ष स्वतःवरून उठून त्या प्रश्नावर जातं. म्हणून "जरा मोकळे व्हा, लाजू नका" असं कधी म्हणू नका. "वीस गाठायचे आहेत" म्हणा.

सातवी पायरी: खेळातून कामात

सत्रं आठवड्यातून एकदा, महिनाभर. पण खरी मोकळीक काउंटरवर मिळाली नाही तर महिन्यानंतर लोक म्हणतील, खेळ बरे होते, आणि तिथेच विषय संपेल. म्हणून दुसऱ्या आठवड्यातच चार मात्रा द्या. म्हणजे एक माणूस, एक जागा, एक मर्यादा, एक मुदत. उदाहरणार्थ, काउंटरवर फुटलेल्या बाटलीचा वाद तीनशे रुपयांपर्यंत असेल तर तिथेच मिटवायचा, विचारायला आत जायचं नाही, फक्त वहीत एक ओळ लिहायची, एक महिना. मर्यादा मालकाला अगदी क्षुल्लक वाटेल एवढी ठेवा. चाराच्या आठ मात्रा महिन्याअखेरीस, सगळ्यांसमोर वही उघडून.

टोयोटाच्या कारखान्यात कामाच्या पट्ट्यावर वर एक दोरी असे. काही चुकतंय असं दिसलं की तिथला साधा कामगारही ती ओढी, मदतीला माणूस धावत येई, आणि ठरल्या वेळात प्रश्न सुटला नाही तर पट्टा थांबे. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते धावत येणारं माणूस. नुसती दोरी टांगून काही होत नाही. तुमच्या ऑफिसात ठेका धरून कोण बसणार, त्याचं नाव ठरवा. तीनशे रुपयांच्या आत मिटेना, तर मुलीनं कोणाकडे बघायचं?

आठवी पायरी: पहिली चूक

ती होणारच. बहुतेक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. तोवरचं सगळं काम त्या एका दिवसावर तोललेलं असतं.

एका ऑफिसात पॅकिंगवरच्या मुलानं दोन गावांचा माल एकाच गाडीत घालून फेरी वाचवायची शक्कल काढली. शक्कल चांगली होती, पण खोक्यांवरच्या चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या. दतियाचा माल डबऱ्याला उतरला. फोनवर फोन. सगळे मालकांच्या दाराकडे बघत होते. मी त्यांच्याशी आधीच बोलून ठेवलं होतं, की अशा दिवशी तुमचं पहिलं वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहील. ते बाहेर आले, मुलाच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, "पहले माल सही जगह पहुँचाते हैं. फिर बैठके देखते हैं चिट्ठी कहाँ बदली." संध्याकाळी बसले. चिठ्ठ्या दोन रंगांच्या करायचं ठरलं. रंगाची कल्पना त्याच मुलाची.

तुमच्या मालकांशी किंवा वरिष्ठांशी हे बोलणं आधीच करून ठेवा, शक्यतो सातव्या पायरीच्या आत. त्यांना तीन गोष्टी सांगा. आधी नुकसान आवरायचं. मग 'कोणी' न विचारता 'कुठे' विचारायचं. आणि चूक 'बेलाशक'च्या ढिगातली असेल तर पगार कापणं, मेमो देणं यांतलं काहीही नाही. 'कधीच नाही'च्या ढिगातला नियम मोडला असेल तर ती उपज नव्हेच, तिथे नेहमीची शिस्त लागू. ही रेघ ठाम ठेवलीत तरच हिशेबनीस तुमच्या बाजूनं राहतील.

नववी पायरी: बाजूला व्हा

तिसऱ्या महिन्यात सत्र दुसऱ्या कोणाला घ्यायला द्या, आणि मग आळीपाळीनं. तुमच्या हातात आहे तोवर ती 'मॅडमची योजना' असते. माझ्या पहिल्या सत्रातून उठून गेलेल्या बडे बाबूंकडे मी दोन महिन्यांनी गजकाचा डबा घेऊन माफी मागायला गेले होते. त्यांनी १९९८च्या पावसाळ्याची गोष्ट सांगितली. तळमजल्यावर पाणी शिरलं तेव्हा त्यांनी उधारीच्या वह्या घरी नेऊन, चुलीपुढे पान पान सुकवून, एका रात्रीत खाती पुन्हा लिहून काढली होती. मी म्हटलं, "हे सगळ्यांना सांगाल?" पुढच्या शनिवारी त्यांनी ते उभं राहून सांगितलं. खेळ ते आजही खेळत नाहीत. घड्याळ धरतात, आणि पंचवीस मिनिटं झाली की टेबलावर बोटानं दोनदा वाजवतात.

परिणाम मोजायचा असेल तर वहीतला तिसरा रकाना मोजा. 'वर कळलं का'खाली 'नाही' कमी होत गेलं, तर बरोबर चाललं आहे. दुसरा कुठला आकडा मी बघत नाही.

वही भरली की नवी घ्या. जुनी कपाटात कुलपात ठेवू नका, काउंटरच्या ड्रॉवरमध्ये, चलानबुकाच्या शेजारी ठेवा, आणि नवा माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याला ती वाचायला द्या.